जावा की डॉट नेट? विषय क्रमांक नऊ

गेल्या महिन्यात आपल्या गावातल्या एका पतसंस्थेच्या व्यवस्थापकांचा फोन आला. संस्थेचं नाव लिहीत नाही, ज्यांना ओळखायचंय ते ओळखतीलच. म्हणाले, "पत्रकार, वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेत नऊ नंबरला नवीन सॉफ्टवेअरचा विषय घेतलाय. दोन कोटेशनं आलीत. पुण्याचा एक जण म्हणतो आमचं जावात आहे, जिल्ह्याच्या गावचा म्हणतो आमचं डॉट नेटमध्ये आहे. दोघंही म्हणतात समोरच्याचं घेऊ नका, फसाल. चेअरमन म्हणाले, दिवाळीत पत्रकारांनी एवढं लिहिलं होतं, आता कुठलं चांगलं तेही त्यांनाच विचारा."

दिवाळीतलं तुम्हाला आठवत असेल. वसुबारसेच्या संध्याकाळी संस्थेची दिवसअखेर अडकली ती अडकलीच. धनत्रयोदशीला शटर उघडलं तेव्हा तिजोरीत पैसे होते, पण कुणाच्या खात्यावर किती, हे संगणक सांगेना. दुपारपर्यंत रांग एसटी स्टँडच्या कोपऱ्यावर आली. मला दिवसभर फोन, प्रश्न एकच: "बुडाली का हो?" बुडाली नव्हती. सॉफ्टवेअर करून देणाऱ्या दोघांपैकी एक जण वारले होते, दुसरे धंदा बंद करून मुलाकडे राहायला गेले होते आणि डेटाबेसचा पासवर्ड गावात कुणालाच ठाऊक नव्हता. पिग्मी एजंटांच्या वह्या आणि छापील रोजकीर्द जुळवून चौथ्या दिवशी व्यवहार सुरू झाले. तोवर कित्येकांनी मुदत ठेवी मोडायचे अर्ज दिले होते. बुडालेल्या पतसंस्थांच्या बातम्या वाचून वाचून आपल्याकडे ठेवीदार इतका पोळलाय की अफवेला पुरावा लागत नाही.

तर चेअरमनसाहेबांचा प्रश्न. मी पत्रकारितेचा डिप्लोमा केलेला माणूस, मला यातलं ओ की ठो कळत नव्हतं. भाचा पुण्यात आयटीत आहे, त्याच्या दोन रात्री खाल्ल्या, बाकी स्वतः वाचत बसलो. वाचायला बसलो तंत्रज्ञान आणि हाती लागला भाऊबंदकीचा, कोर्टकचेरीचा इतिहास. तोच आज सांगतो. पोस्ट लांबलीय, पण ज्यांचं खातं आहे त्यांनी वाचावी.

मला वाटलं होतं, या दोन भाषा म्हणजे मराठी आणि तमिळ. प्रत्यक्षात बघितलं तर पुणेरी आणि वऱ्हाडी. भाच्याने एकच हिशेब, समजा ठेवीवरचं तिमाही व्याज, दोन्हीत लिहून शेजारी शेजारी ठेवला. कंस तेच, अर्धविराम तेच, शब्दही बरेचसे तेच. इतकं साम्य योगायोगाने येत नसतं.

गोष्ट सुरू होते १९९१ साली, कॅलिफोर्नियातल्या सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीत. (सनच्या चार संस्थापकांपैकी विनोद खोसला यांचा जन्म पुण्याचा, पण ते या गोष्टीच्या आधीच कंपनीतून बाहेर पडले होते.) सनमधल्या जेम्स गॉस्लिंग आणि सहकाऱ्यांना घरगुती इलेक्ट्रॉनिक यंत्रांसाठी भाषा हवी होती. यंत्रं वेगवेगळ्या कंपन्यांची, आतली चिप वेगवेगळी, प्रत्येकासाठी प्रोग्रॅम नव्याने लिहिणार कोण? म्हणून त्यांनी मधला एक टप्पा घातला. प्रोग्रॅम थेट यंत्राच्या भाषेत न बदलता एका मधल्या सांकेतिक रूपात बदलायचा आणि प्रत्येक यंत्रावर ते रूप वाचून चालवणारा एक छोटा कारभारी बसवायचा. प्रोग्रॅम एकच, कारभारी जागोजागचे. गॉस्लिंगच्या खिडकीबाहेर ओकचं झाड होतं म्हणून भाषेचं नाव ठेवलं ओक. ते नाव दुसऱ्याच्या मालकीचं निघालं, मग कॉफीवरून जावा. २३ मे १९९५ ला ती जगासमोर आली, तोवर यंत्रांचा बेत बारगळला होता आणि इंटरनेटची लाट उसळली होती.

बँका, विमा कंपन्या यांना ही कल्पना का आवडली ते कळायला फार डोकं लागत नाही. एकाच बँकेत आयबीएमची यंत्रं, सनची यंत्रं, एचपीची यंत्रं, टेबलावर विंडोज. एकदा लिहा आणि कुठेही चालवा, हे सनचं आश्वासन त्यांच्यासाठी सोन्यासारखं होतं.

आणि मायक्रोसॉफ्टसाठी तेच आश्वासन म्हणजे धोका. प्रोग्रॅम कुठेही चालणार असेल तर विंडोज विकत घ्यायचं कशाला? पण बाजाराची हवा अशी होती की जावाला नाही म्हणणं परवडणारं नव्हतं. १९९६ साली मायक्रोसॉफ्टने सनकडून रीतसर परवाना घेतला आणि स्वतःची जावा बाजारात आणली, व्हिज्युअल जे प्लस प्लस. त्यात सनच्या जावातल्या काही गोष्टी गाळल्या होत्या आणि फक्त विंडोजवरच चालतील अशा काही घातल्या होत्या. म्हणजे भाडेकरूने घरात शिरून दरवाजाचं कुलूप बदलावं तसं. ऑक्टोबर १९९७ मध्ये सन कोर्टात गेली. १९९८ च्या नोव्हेंबरात न्यायाधीशांनी मायक्रोसॉफ्टला आदेश दिला, जावा विकायची तर कराराप्रमाणे विका. जानेवारी २००१ मध्ये तडजोड झाली, मायक्रोसॉफ्टने दोन कोटी डॉलर भरले आणि जावाचा नाद सोडला.

नाद सोडला तो दुसरा वाडा बांधून. मायक्रोसॉफ्टच्या जावावर काम करणारा मुख्य माणूस होता अँडर्स हेल्सबर्ग, मूळचा डेन्मार्कचा. टर्बो पास्कल आणि डेल्फी ज्यांनी वापरलंय अशा जुन्या लोकांना हे नाव माहीत असेल, ते याचंच. त्याच्या हाताखाली नवी भाषा तयार झाली, सी शार्प. २००० साली जाहीर झाली आणि फेब्रुवारी २००२ मध्ये डॉट नेट नावाच्या मोठ्या गाठोड्यासोबत विक्रीला आली. तीच कंसांची ठेवण, तोच मधला टप्पा, तोच कारभारी, नको असलेली स्मृती आपोआप झाडून काढण्याची तीच सोय. जावातल्या खटकणाऱ्या काही गोष्टी दुरुस्तही केलेल्या. फरक एवढाच की हा कारभारी फक्त विंडोजवर नोकरी करणारा. सनने २००२ मध्ये पुन्हा खटला भरला, या वेळी मक्तेदारीचा. एप्रिल २००४ मध्ये मायक्रोसॉफ्टने जवळपास दोनशे कोटी डॉलर देऊन तो मिटवला. दोन्ही कंपन्यांचे मुख्य एकत्र हसत उभे राहिले, जसे आपल्याकडे निवडणुकीनंतर उभे राहतात.

आता भाषेची गुणवत्ता म्हणाल तर पुढची वीस वर्षं दोघी एकमेकींचं बघून बघून शिकत आल्या. साधारणपणे सी शार्प नवं आधी आणते आणि जावा सावकाश, पारखून घेते. सी शार्पमध्ये २००७ ला आलेली लॅम्ब्डा नावाची सोय जावात यायला २०१४ उजाडलं. एकाच वेळी हजारो ग्राहकांच्या विनंत्या हाताळायची सोपी पद्धत सी शार्पने २०१२ मध्ये दिली, जावाने आपल्या वेगळ्या पद्धतीने २०२३ मध्ये. यापेक्षा खोलात मी जात नाही. पतसंस्थेच्या कामाला यातलं काहीच आडवं येत नाही.

एक गोष्ट मात्र येते, आणि ती पैशांची आहे. संगणक दशांश अपूर्णांक आपल्यासारखे साठवत नाही. नेहमीच्या पद्धतीने त्याला ०.१ आणि ०.२ ची बेरीज करायला सांगितली तर उत्तर ०.३ येतं खरं, पण सतराव्या घरात एक ४ चिकटलेला असतो. एका खात्यात ते दिसत नाही, पण हजारो खात्यांचं व्याज वर्षानुवर्षं काढलं की तेरीज जुळत नाही आणि क्लार्क बिचारा रात्री दहापर्यंत पैसे शोधत बसतो. सी शार्पमध्ये पैशांसाठी डेसिमल नावाचा वेगळा प्रकार भाषेतच आहे, तो साध्या बेरजेसारखा लिहिता येतो. जावात बिगडेसिमल वापरावा लागतो, तोही बिनचूक आहे, पण लिहायला किचकट, त्यामुळे नवशिके टाळतात. दोन्हीकडे चुकीचा प्रकार वापरायची पूर्ण मोकळीक आहे. म्हणजे शेवटी लिहिणारा कोण, यावर आलं.

आपल्या कामाचा खरा फरक भाषेच्या भोवती जी वस्ती वसली तिच्यात आहे. डॉट नेटची वस्ती म्हणजे एकाच मालकाची वसाहत. लिहायचं साधन व्हिज्युअल स्टुडिओ, डेटाबेस एसक्यूएल सर्व्हर, सर्व्हर विंडोजचा, सगळं एका दुकानात. बटण उचला, फॉर्मवर ठेवा, दोन ओळी लिहा, भरणा पावती तयार. अडलं तर पुस्तकं एकाच पद्धतीची. जिल्ह्याच्या गावात दोन माणसांची कंपनी यावर पतसंस्थेचं सॉफ्टवेअर तीन महिन्यांत उभं करू शकायची. बिल मात्र एकाच दाराने जातं. एसक्यूएल सर्व्हरची मोफत आवृत्ती मिळते, पण तिच्यात डेटा किती ठेवायचा याला मर्यादा, आधी ४ जीबी होती, २०१० पासून बरीच वर्षं १० जीबी होती. संस्था वाढली, सह्यांचे नमुने आणि आधारचे फोटो साठवायला लागली की एके दिवशी गाडी थांबते.

जावाची वस्ती म्हणजे आठवडी बाजार. आयबीएम, ओरॅकल, बीईए अशा बड्या कंपन्यांची महागडी दुकानं एका बाजूला, दुसऱ्या बाजूला अपाची फाउंडेशनसारख्या संस्थांनी फुकट मांडलेला माल. टॉमकॅट, हायबरनेट, एक्लिप्स, सगळे वेगवेगळ्या लोकांचे. कुठलं कशाशी जुळतं हे माहीत असलेला माणूस जवळ पाहिजे. सुरुवातीला सनने मोठ्या उद्योगांसाठी जी पद्धत घालून दिली ती इतकी अवजड होती की चार ओळींच्या कामाला चार फायली लिहाव्या लागत. रॉड जॉन्सन नावाच्या गृहस्थाने २००२ मध्ये याविरुद्ध एक जाडजूड पुस्तकच लिहिलं, त्यातल्या नमुन्यांमधून स्प्रिंग नावाची चौकट निघाली आणि २००४ पासून जावाचं बरंचसं व्यावसायिक काम तिच्यावर होऊ लागलं. ज्याने जावा वाचवली तो सनचा नोकर नव्हता, हे लक्षात ठेवा.

म्हणूनच मोठ्या बँका, विमा कंपन्या, दूरसंचार कंपन्यांकडे जावा जास्त आणि तालुक्याच्या पतसंस्था, बाजार समित्या, शाळा, दवाखाने इथे मायक्रोसॉफ्टचं जास्त. दर्जाचा प्रश्न नव्हता. गावात मिळणारा माणूस कुठलं शिकून आलाय याचा होता. पुण्यात सी-डॅकच्या पदविकेत पोरांना दोन्ही शिकवतात, पण पहिल्या वर्गाची पोरं मोठ्या कंपन्यांत जातात. आपल्या जिल्ह्यात परत येणारा एखादाच.

आणि आता आपल्या पतसंस्थेच्या जुन्या सॉफ्टवेअरकडे येऊ. ते जावात नव्हतं, डॉट नेटमध्येही नव्हतं. ते होतं व्हिज्युअल बेसिक ६ मध्ये, १९९८ ची आवृत्ती. त्याच्याही आधीचं फॉक्सप्रोमधलं, काळ्या पडद्यावरचं, ते ज्येष्ठ कर्मचाऱ्यांना अजून आठवतं. म्हणतात, "तेच बरं होतं, माऊस नव्हता, बोटं धावायची." फॉक्सप्रो मायक्रोसॉफ्टने १९९२ मध्ये विकत घेतलं आणि २००७ मध्ये जाहीर केलं की यापुढे नवी आवृत्ती नाही. व्हिज्युअल बेसिकचं तर त्याहून वाईट. २००२ मध्ये डॉट नेट आलं तेव्हा त्यात व्हिज्युअल बेसिक नावाची भाषा होती, पण ती आधीच्याशी जुळणारी नव्हती. नाव तेच, माणूस दुसरा. जुने लाखो ओळींचे प्रोग्रॅम नव्याने लिहिणं हाच उपाय. २००५ मध्ये मायक्रोसॉफ्टनेच ज्यांना मानाची पदवी दिली होती अशा अनेक तज्ज्ञांनी जाहीर अर्ज केला, जुनी भाषा जिवंत ठेवा. कंपनीने ऐकलं नाही. एप्रिल २००८ मध्ये त्या भाषेत लिहायच्या साधनाला मिळणारा आधार संपला. गंमत म्हणजे जुने प्रोग्रॅम विंडोजवर आजही चालतात, तेवढी सोय कंपनीने ठेवलीय. म्हणूनच तर आपल्या संस्थेला काही वाटलं नाही. रोज चालतंय, मग बदलायचं कशाला? चालतं सगळं, दुरुस्त मात्र होत नाही. दिवाळीत तेच झालं.

त्यात आणखी एक गाठ आहे, आणि ती पत्रकार म्हणून माझ्या जिव्हाळ्याची आहे. त्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये मराठी नावं युनिकोडमध्ये नव्हती. व्हिज्युअल बेसिक ६ च्या नेहमीच्या चौकटींत युनिकोडचं देवनागरी धड दिसायचंच नाही, त्यामुळे सगळे फॉन्टची युक्ती वापरायचे. आम्ही वर्तमानपत्रातही तेच करायचो. आत साठलेली असतात इंग्रजी अक्षरं नि चिन्हं, वर श्रीलिपीसारखा फॉन्ट चढवला की ती मराठी दिसतात. फॉन्ट काढला की खातेदाराच्या नावाच्या जागी नुसता कचरा. आमच्या जुन्या अंकांच्या फायली मी अजून उघडू शकत नाही, तो माझा तोटा. पण इथे हजारो खातेदारांची, वारसांची नावं आहेत. जावा आणि सी शार्प या दोघींच्या रक्तातच युनिकोड आहे, पहिल्या दिवसापासून. नवीन सॉफ्टवेअर कुठलंही घ्या, मराठी नीट राहील. पण जुनी नावं नव्यात आणताना 'क्ष' चा 'श्र' झाला नाही ना, हे माणसानेच एकेक पाहून द्यावं लागणार. दोन्ही कोटेशनांत या कामाचा एक शब्दही नाही.

"म्हणजे मायक्रोसॉफ्टवर विश्वास नको, जावा घ्या", असं व्यवस्थापक मधेच म्हणाले. थांबा. जावाच्या बाजूचंही ऐका.

आपल्या गावातल्या कंत्राटदारांना विचारा. ई-निविदा भरायची तर डिजिटल सही ब्राउझरमधल्या जावाच्या छोट्या प्रोग्रॅममधून व्हायची. एका संकेतस्थळाला जावाची एक आवृत्ती, दुसऱ्याला दुसरी. स्टँडसमोरच्या सायबर कॅफेत शेवटच्या दिवशी चार वाजता 'जावा ब्लॉक्ड' असा निरोप आला की अर्ध्या तालुक्याचे रस्ते अडायचे. मग कॅफेवाला सेटिंगमध्ये जाऊन सुरक्षा खाली आणणार, अपवादाच्या यादीत पत्ता टाकणार, अगरबत्ती लावणार. २०१५ मध्ये क्रोमने तो प्रकार कायमचा बंद केला. एकदा लिहा, कुठेही चालवा, याचं आमच्या स्टँडवरचं रूप हे असं होतं. करसल्लागारांनाही आठवत असेल, काही वर्षांपूर्वीपर्यंत आयकराचं विवरणपत्र भरायला दोन साधनं मिळायची, एक एक्सेलचं आणि एक जावाचं. एक्सेलवालं हवं तर मायक्रोसॉफ्ट ऑफिस पाहिजे, जावावालं कुठेही चालणार. आपल्याकडचे बहुतेक एक्सेलवालेच, कारण तो पडदा ओळखीचा.

मोठा घाव मात्र मालक बदलल्याचा. सन कंपनी चांगल्या वस्तू बनवायची पण पैसे मिळवायला कच्ची. २००६ च्या नोव्हेंबरात तिने जावाचा आतला मजकूर मुक्त परवान्याखाली खुला करायचं जाहीर केलं, त्यातून ओपनजेडीके उभं राहिलं. तीन वर्षांनी कंपनीच विकली गेली. ओरॅकलने ७४० कोटी डॉलरचा सौदा केला, जानेवारी २०१० मध्ये ताबा घेतला. एप्रिलमध्ये गॉस्लिंग राजीनामा देऊन गेले. ऑगस्टमध्ये ओरॅकलने गुगलवर खटला भरला, अँड्रॉइडमध्ये जावाची मांडणी उचलली म्हणून. अकरा वर्षं चालला. एप्रिल २०२१ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध दोन मतांनी गुगलच्या बाजूने निकाल दिला.

तिकडे कोर्ट चालू, इकडे बिलं सुरू झाली. ओरॅकलच्या जावा ८ चे एप्रिल २०१९ पासूनचे अपडेट धंद्यासाठी वापरायचे तर पैसे. जानेवारी २०२३ पासून मोजणीही बदलली. किती संगणकांवर जावा आहे हे न बघता संस्थेत माणसं किती हे बघायचं. हजारच्या आतल्या संस्थेला माणशी महिन्याला १५ डॉलर. अर्धवेळवाले धरायचे, कंत्राटी धरायचे, एजंटसुद्धा धरायचे असं ती व्याख्या वाचून वाटतं. आपल्या पतसंस्थेत कर्मचारी आणि पिग्मी एजंट मिळून चाळीस धरा. वर्षाला ७२०० डॉलर, म्हणजे सहा लाखांच्या वर. शिपायाने आयुष्यात जावा पाहिली नसली तरी त्याचेही १५.

यावर उतारा आहे आणि तो फुकट आहे. सनने जाता जाता खुलं केलेलं ओपनजेडीके कुणीही बांधून वाटू शकतं. एक्लिप्सचं टेमुरिन आहे, अॅमेझॉनचं कॉरेटो आहे. आणि २०२१ पासून, बसा, मायक्रोसॉफ्टचंही आहे. १९९७ मध्ये ज्या कंपनीवर जावा बिघडवल्याचा खटला झाला, तीच आज जावा फुकट वाटते.

तीच कंपनी स्वतःच्या भाषेबाबतीतही फिरली. बाहेरच्या लोकांनी, मिगेल दे इकाझा आणि मंडळींनी, २००१ पासून मोनो नावाने डॉट नेट लिनक्सवर चालवायचा खटाटोप चालवला होताच. नोव्हेंबर २०१४ मध्ये मायक्रोसॉफ्टनेच डॉट नेटचा गाभा खुला करायचं जाहीर केलं. जून २०१६ मध्ये नवं डॉट नेट कोअर आलं, विंडोजइतकंच लिनक्सवर चालणारं, विनामूल्य. सत्या नाडेला २०१४ च्या फेब्रुवारीत प्रमुख झाले होते. सगळं श्रेय त्यांना देतात, पण काम त्यांच्या आधीपासून सुरू होतं. १९९२ मध्ये मायक्रोसॉफ्टला येण्याआधी ते होते कुठे? सनमध्ये. जग लहान आहे.

पण याही वेळी गाडीत सगळ्यांना जागा मिळाली नाही. वेब फॉर्म्स नावाची पद्धत, जिच्यात आपल्याकडच्या लहान कंपन्यांनी पतसंस्थांची बहुतेक वेब सॉफ्टवेअरं लिहिली, ती नव्या डॉट नेटमध्ये घेतलीच नाही. जुनं डॉट नेट फ्रेमवर्क २०१९ च्या ४.८ वर जवळपास थांबलं, नंतर एक छोटी आवृत्ती आली तेवढीच. ते विंडोजसोबत चालत राहील, पण पुढे जाणार नाही. जावावाल्यांचंही असंच झालं. ओरॅकलने २०१७ मध्ये उद्योगांसाठीचा भाग एक्लिप्स फाउंडेशनला दिला पण नाव दिलं नाही, मग जुन्या प्रोग्रॅममध्ये जागोजागी लिहिलेलं 'जावाएक्स' खोडून 'जकार्ता' लिहीत बसायची वेळ जगभरच्या लोकांवर आली. सातबाऱ्यावरचं नाव बदलायचं म्हणून घरातली प्रत्येक भिंत रंगवावी तसं.

हे सगळं वाचून झाल्यावर मी दोन्ही कोटेशनवाल्यांना फोन केला. व्यवस्थापकांना सांगून केला, चोरून नाही.

डॉट नेटवाल्यांना विचारलं, कुठलं डॉट नेट? म्हणाले, "साहेब, डॉट नेट म्हणजे डॉट नेट." जरा खोदल्यावर निघालं, वेब फॉर्म्स, आणि आवृत्ती ४.५. तिचा आधार जानेवारी २०१६ मध्ये संपलाय. आपली संस्था २०४० पर्यंत वापरायला जे घेणार, ते घेण्याआधीच मुदत संपलेलं.

जावावाल्यांना विचारलं, जावा कुणाची, ओरॅकलची की ओपनजेडीके? "जावा फुकटच असते की हो." आवृत्ती आठ, ओरॅकलच्या संकेतस्थळावरून उतरवलेली, अपडेट अलीकडचा. म्हणजे सहा लाखांचा प्रश्न संस्थेच्या दारात उभा करून हे मोकळे. माणूस मात्र प्रामाणिक वाटला. दुसऱ्या दिवशी त्यानेच फोन करून सांगितलं, "तपासलं, तुम्ही म्हणता ते खरं आहे, आम्ही टेमुरिनवर नेतो."

दोघांनाही एक प्रश्न सारखा विचारला. उद्या तुम्ही धंदा बंद केलात तर आमचा डेटा आम्हाला कसा मिळणार? एक म्हणाला, असं होणारच नाही. दुसरा म्हणाला, वार्षिक देखभालीचा करार चालू असेल तर देऊ. दिवाळीतली रांग ज्याने पाहिलीय त्याला ही दोन्ही उत्तरं पटणार नाहीत.

तिसराही एक रस्ता आहे, तोही सभेपुढे यावा. अपाची फिनरॅक्ट नावाची लहान वित्तसंस्थांसाठीची मुक्त बँकिंग प्रणाली आहे, ग्रामीण फाउंडेशनच्या मिफोस प्रकल्पातून निघालेली, २०१७ मध्ये अपाचीचा पूर्ण दर्जाचा प्रकल्प झालेली. जावात आहे, स्प्रिंगवर आहे, मजकूर खुला आहे. पण आपलं सभासदत्व, भाग भांडवल, पिग्मी, सहकार खात्याची विवरणपत्रं हे सगळं तिच्यात बसवून घ्यावं लागेल, आणि ते बसवणारा माणूस फुकट मिळत नाही. एकट्या संस्थेला झेपणार नाही. तालुक्यातल्या पाच-सात संस्था एकत्र आल्या तर हिशेब बसू शकतो, पण आपल्याकडे पाच-सात चेअरमन एका टेबलाला बसवणं हे कुठल्याही भाषेत लिहिता येत नाही.

चेअरमनसाहेबांना मी जे सांगितलं ते इथेही लिहितो. जावा घ्या नाहीतर डॉट नेट घ्या, माझी हरकत कशालाच नाही. व्यवस्थापकांचा कल जिल्ह्याच्या माणसाकडे आहे, कारण तो तासाभरात मोटरसायकलवर येतो, आणि हे कारण लहान नाही. घ्यायचं तर त्याने नव्या डॉट नेटवर लिहून द्यावं. पण करारात आवृत्तीचा आकडा पाहिजे, आणि तिची मुदत संपल्यावर पुढच्या आवृत्तीवर नेण्याचा खर्च कुणाचा तेही पाहिजे. डेटाबेसचा पासवर्ड लखोट्यात घालून संस्थेच्या तिजोरीत. सगळी खाती, वारसांच्या नावांसकट, युनिकोडमध्ये आणि कुठल्याही एक्सेलमध्ये उघडेल अशा फाइलीत दर महिन्याला काढून संस्थेच्या ताब्यात. प्रोग्रॅमचा मूळ मजकूर दोघांना मान्य अशा तिसऱ्याकडे, कंपनी बंद पडली की संस्थेला मिळेल अशा अटीवर. यातली एकही गोष्ट आज कोटेशनांत नाही. चेअरमन म्हणाले, "एवढं कोण वाचणार हो सभेत?"

सभा येत्या रविवारी सकाळी साडेदहाला मंगल कार्यालयात आहे. लाभांशाचा विषय आठवा आहे. दरवर्षी तो मंजूर झाला की खुर्च्या सरकतात आणि लोक पंगतीकडे निघतात, उरलेले विषय तीन मिनिटांत 'मंजूर, मंजूर' होतात. या वेळी सॉफ्टवेअर नवव्या नंबरला आहे. मी तिसऱ्या रांगेत बसणार आहे. दोन्ही कोटेशनांच्या प्रती व्यवस्थापकांनी सभासदांना बघायला ठेवल्यात, कार्यालयात शनिवारी दुपारपर्यंत मिळतील.